घरी केलेल्या पीनट बटर कुकीज मऊ का राहत नाहीत? हातात घेतल्या की भुगा होतो.

तुम्ही लिहिलंय की साजूक तूप, पिठीसाखर, मैदा आणि घरचं पीनट बटर घेतलं, वीस मिनिटं भाजलं, आणि संध्याकाळपर्यंत कुकीज ठिसूळ झाल्या. एवढं साहित्य आणि एवढा वेळ म्हटलं की त्यातून नानकटाईच होणार. मीही सुरुवातीला हेच करत होते, कारण हाताला तीच सवय. मी अमळनेरची. लहानपणी दिवाळीआधी मैदा, रवा, तूप, साखर डब्यांत भरून बेकरीत न्यायचो आणि पत्र्याचा डबा भरून नानकटाई घरी आणायचो. खुसखुशीत झाली म्हणजे जमली, हे डोक्यात पक्कं बसलेलं. मऊ कुकीचं गणित वेगळं आहे, तिला पाणी लागतं.

तुपात पाणी जवळजवळ नसतंच. बटरमध्ये साधारण 16 टक्के असतं. मैद्याला ओल मिळाली तरच त्यात थोडा चिवटपणा येतो आणि कुकी एकसंध राहते. मैद्याचा कण आधीच स्निग्धात माखला, तर तो पाणी धरत नाही. आता पीनट बटर बघा. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल असतं. त्यावर तुम्ही तूप घातलंत, म्हणजे तेलावर तूप. म्हणून तूप बाजूला ठेवा आणि बटर घ्या. घरात तूपच असेल तर बटरपेक्षा पाचवा हिस्सा कमी घ्या आणि दोन-तीन चमचे दूध घाला.

माझं माप असं आहे. पीनट बटर 250 ग्रॅम, बटर 115, साखर 100, गुळाची पावडर 100, मैदा 160, पाऊण चमचा खाण्याचा सोडा आणि एक अंडं. आमच्याकडे श्रावणात आणि सासूबाईंसाठी अंडं चालत नाही, तेव्हा तीन मोठे चमचे घट्ट दही घालते. बटर खारं असेल तर वेगळं मीठ नको. मैदा वाटीने मोजू नका, वजनकाट्यावर घ्या. वाटी दाबून भरली की तीस-चाळीस ग्रॅम सहज जास्त जातो, आणि कोरड्या कुकीमागे बऱ्याचदा एवढंच कारण असतं.

गूळ मी चवीपुरता घालत नाही. गूळ हवेतली ओल ओढतो. पावसाळ्यात गुळाच्या ढेपेला पाणी सुटतं ते आपण पाहतोच. तोच गुण कुकीत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कामाला येतो. बाहेरच्या कृतींमध्ये ब्राऊन शुगर असते, तिचं कामही हेच. फक्त गूळ चाळून घ्या, खडा राहिला तर तिथे कुकी जळते. शिवाय गूळ आणि दही दोन्ही आंबटसर, त्यामुळे सोडा नीट फुलतो.

घरचं पीनट बटर करता हे फार चांगलं. पाहुण्याच्या हातावर आधी गूळ-शेंगदाणे ठेवणारं आपलं खान्देश, दाण्यांची कमतरता नाही. दाणे मंद आचेवर सावकाश भाजा, चोळून पाखडा, आणि मिक्सरमध्ये थांबत थांबत फिरवा. आधी कूट होतं, मग गोळा होतो, आणि आणखी फिरवलं की तेल सुटून ते धारेने पडतं. बरेचजण गोळ्यापाशीच थांबतात. त्या घट्ट लगद्याच्या कुकीज कोरड्याच होणार. आणि मे महिन्यात पारा 44-45 वर गेला की बरणीत तेल वर, गाळ खाली असं होतं. मोजण्याआधी तळापासून ढवळा, नाहीतर एका घाण्याला नुसतं तेल जाईल आणि पुढच्या घाण्याला कोरडा चोथा. दाणा जुना, खवट असेल तर मात्र काहीही करून उपयोग नाही, ती चव लपत नाही.

बटर आणि दोन्ही साखरा फेटा, मग पीनट बटर आणि दही किंवा अंडं घाला. मैदा-सोडा शेवटी, आणि कोरडं पीठ दिसेनासं झालं की हात थांबवा. आपल्या उन्हाळ्यात बटर लगेच विरघळतं, म्हणून पीठ अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवाच. मग लिंबाएवढे गोळे करून काट्याने आडवं-उभं दाबा. या रेघा नक्षीसाठी नसतात. पीठ जड असतं, आपोआप पसरत नाही. न दाबता भाजलं तर मध्ये कच्चं आणि कडेला कडक होतं. काट्याने दाबायची ही पद्धत अमेरिकेत 1930 च्या दशकात रूढ झाली. त्याआधी 1916 मध्ये अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी शेंगदाण्याच्या 105 कृतींची पुस्तिका काढली होती. तिच्यातल्या कुकीजमध्ये भरडलेले दाणे होते, म्हणजे आपल्या जाडसर कुटाचीच जातकुळी. ते वाचल्यापासून मी पिठात दोन मूठ भरड कूट घालते. मऊ कुकीत मध्येच दाताखाली दाणा येतो, फार छान लागतं.

आता भाजणं, कारण इथेच बहुतेकांचा घाणा बिघडतो. ओटीजी ओव्हन पंधरा मिनिटं आधी तापवा, 175 अंशांवर ठेवा आणि नऊ ते अकरा मिनिटांत ट्रे बाहेर काढा. तेव्हा कुकी कच्चीच वाटेल. कडा जेमतेम रंगलेली, मधोमध बोट लावलं तर खड्डा पडेल. आमच्या सासूबाई अजूनही डोकावून म्हणतात, "कच्च्या शेतस अजून." पण ट्रे गरम असतो, बाहेर काढल्यावरही पाच-सात मिनिटं आतलं शिजणं चालू राहतं आणि गार होताना कुकी घट्ट होते. ओव्हनमध्येच घट्ट होईपर्यंत थांबलात, तर गार झाल्यावर ती कडकच होणार. ट्रेवरून लगेच उचलू नका, मोडेल. दहा मिनिटांनी जाळीवर काढा.

दादरचं, म्हणजे आपल्या खान्देशी ज्वारीचं पीठ चालेल का, असंही विचारलंय. चालतं, पण मैद्याच्या पाव हिश्श्यापर्यंत. त्यापुढे ज्वारी कुकीला धरून ठेवत नाही.

डबा घट्ट झाकणाचा घ्या आणि आत पावाचा एक तुकडा टाका. पाव वाळतो, कुकीज मऊ राहतात. आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात याचा फरक लगेच कळतो.

आणि पहिल्यांदा करताना ट्रेमध्ये सहाच गोळे ठेवा. नवव्या मिनिटाला दोन काढा, दहाव्याला दोन, अकराव्याला दोन. सकाळी तिन्ही जोड्या खाऊन बघा. उरलेलं पीठ फ्रिजमध्ये दोन दिवस आरामात राहतं, बाकीच्या कुकीज तुमच्या ओव्हनला मानवणाऱ्या मिनिटाला भाजा.