सीडी१९ हेच लक्ष्य का?

प्रश्न : माझ्या भाच्याचा बी-पेशींचा रक्तकर्करोग केमोथेरपीनंतर उलटला असून डॉक्टरांनी कार-टी (रुग्णाच्याच बदललेल्या रोगप्रतिकारक पेशींचा) उपचार सुचवला आहे. रक्तकर्करोगाच्या मायलॉइड या दुसऱ्या प्रकारात हा उपचार सर्रास का वापरत नाहीत?

उत्तर : या उपचारात रुग्णाच्याच टी-पेशी (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) रक्तातून वेगळ्या काढून, कर्करोगी बी-पेशींवरचे सीडी१९ हे प्रथिन ओळखणारा ग्राही (रिसेप्टर) बनवणारे जनुक प्रयोगशाळेत त्यांत घातले जाते आणि वाढवलेल्या पेशी शिरेवाटे परत दिल्या जातात. सीडी१९ प्रतिपिंडे (संसर्गाशी लढणारी प्रथिने) बनवणाऱ्या निरोगी बी-पेशींवरही असते. त्यामुळे त्याही मरतात, परंतु बाहेरून प्रतिपिंडे देऊन ती उणीव बरीचशी भरून काढता येते. मायलॉइड प्रकाराची खरी अडचण इथेच आहे : तिथली सीडी३३ आणि सीडी१२३ ही लक्ष्ये रक्त घडवणाऱ्या निरोगी पेशींवरही आढळतात आणि त्या नष्ट झाल्यास रक्तनिर्मितीच खुंटण्याचा धोका असतो.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या सहकार्यातून घडलेल्या नेक्सकार१९ या सीडी१९ लक्ष्य करणाऱ्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मान्यता मिळाली, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते. मात्र काही रुग्णांत कर्कपेशी सीडी१९ गमावतात आणि आजार पुन्हा डोके वर काढतो. म्हणून भाच्याच्या पेशींवर हे प्रथिन आज आहे का, हे डॉक्टरांना अवश्य विचारावे.