सँ-मालोला तीन दिवस: आधी भरतीचं वेळापत्रक, मग हॉटेल

प्रश्न असा आहे: कामानिमित्त पॅरिसमध्ये आहे, सप्टेंबरमध्ये पुण्याहून आई-बाबा येतायत. दोघंही शाकाहारी, बाबांना जिने फार झेपत नाहीत. गाडी न घेता, दोन रात्री आणि तीन दिवसांत फ्रान्समधलं समुद्रकाठचं कोणतं गाव करावं आणि नेमकं नियोजन कसं करावं?

माझं उत्तर: ब्रिटनीतलं सँ-मालो. पॅरिसहून थेट गाडी आहे, स्टेशनपासून गाव पायी गाठता येतं, आणि शाकाहारी माणसाची पोटापाण्याची सोय तिथे फ्रान्समधल्या बऱ्याच किनारी गावांपेक्षा सहज होते. पण या गावाची एक अट आहे. तारखा ठरवताना सुट्टी, हवा, तिकीट हे सगळं नंतर बघायचं. पहिल्यांदा समुद्राचं वेळापत्रक बघायचं. बहुतेकांची सहल बिघडते ती इथेच, कारण हॉटेल आधी बुक होतं आणि भरती-ओहोटीच्या वेळा तिथे पोचल्यावर कळतात.

कारण सांगतो. मुंबईत मोठ्या उधाणाला पाणी पाचेक मीटरपर्यंत येतं. सँ-मालोत भरती आणि ओहोटी यांतला फरकच उधाणाला बारा मीटरच्या वर जातो, म्हणजे चार मजली इमारतीएवढा. इंग्लिश खाडीतून पूर्वेकडे येणारं पाणी कोतांताँ द्वीपकल्पाला अडतं आणि या कोपऱ्यात चढत जातं. सकाळी जिथे बोटी तरंगत होत्या तिथे दुपारी लोक वाळूतून बेटावर चालत जातात. आपल्याकडे हाजीअलीची वाट पाण्याखाली जाते तसंच, फक्त कितीतरी पटींनी मोठं.

फ्रान्समध्ये प्रत्येक भरतीला 20 ते 120 असा एक आकडा देतात, त्याला कोएफिशियंट म्हणतात. 70 म्हणजे मध्यम, 95 च्या पुढे चांगलं उधाण, 100 च्या वर ‘ग्राँद मारे’, म्हणजे महाभरती. 45 च्या खाली भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते दिवस. हे आकडे फ्रेंच नौदलाच्या जलमापन खात्याच्या, शोमच्या, वेळापत्रकात मिळतात. तिथल्या पर्यटन कार्यालयातही छापील तक्ता मिळतो. एक काळजी घ्या: काही छापील पुस्तिकांत वेळ हिवाळी घड्याळाप्रमाणे असते. सप्टेंबरात त्यात एक तास मिळवावा लागतो. पहिल्या पानावरची बारीक टीप वाचल्याशिवाय तक्ता वापरू नका.

अंदाज मात्र कालनिर्णयावरूनही येतो. पौर्णिमा किंवा अमावस्या शोधा, त्यात दीड-दोन दिवस मिळवा. तिथे उधाण सगळ्यात मोठं. आणि सँ-मालोची एक खोड अशी की उधाणाच्या दिवसांत भरती उन्हाळी घड्याळाप्रमाणे साधारण सकाळी आठ ते साडेनऊ आणि परत रात्री त्याच सुमारास येते, तर ओहोटी दुपारी तीन-चारच्या आसपास. अष्टमीच्या सुमाराच्या भांगात नेमकं उलटं: ओहोटी सकाळी आठ-नऊला आणि दुपारी पाणी भरलेलं. ज्याला पोहायचंय त्याने भांगाचे दिवस धरावेत. तुमच्या आई-बाबांसाठी मी पौर्णिमा-अमावस्येनंतरचे पहिले तीन-चार दिवस धरेन. दुपारी जेवून आरामात बेटावर जाता येतं आणि संध्याकाळी तटावरून चढतं पाणी बघता येतं. सप्टेंबरच्या मध्यावर तिथे सूर्य साधारण सव्वाआठला मावळतो, म्हणजे सूर्यास्त आणि भरती जवळजवळ एकाच वेळी.

तिथीने दोन-तीन पर्याय दिले तर त्यातून बुधवार ते शुक्रवार निवडा. शनिवार-रविवारपेक्षा गाडी आणि खोली दोन्ही स्वस्त पडतात, आणि हंगाम उतरल्यावर बरीच रेस्टॉरंटं सोमवार-मंगळवारी बंद असतात. शुक्रवारी सकाळी तटबंदीच्या आत बाजारही भरतो.

गाडी पॅरिस माँपारनासहून सुटते. थेट टीजीव्ही, म्हणजे फ्रान्सची अतिवेगवान रेल्वे, अडीच तासांच्या आत-बाहेर पोचवते, पण अशा गाड्या दिवसात मोजक्याच. बाकीच्यांत वाटेतल्या रेन शहरात उतरून लोकल धरावी लागते. त्या टप्प्याला साधारण तासभर लागतो. आई-बाबा आणि बॅगा सोबत असताना थेट गाडीच घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. तिकिटं काही महिने आधी खुली होतात आणि भाव विमानासारखे चढत जातात. गाडीची दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात, आणि माँपारनास स्टेशन एवढं पसरलेलं आहे की एका टोकाच्या हॉलमधून दुसऱ्या टोकाला जायला दहा मिनिटं सहज लागतात. अर्धा तास हाताशी ठेवा. प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी लावणं तिथे सक्तीचं आहे.

राहायचं कुठे, हा खरा विचार करण्याचा भाग. तटबंदीच्या आतलं गाव दिसायला सुंदर, पण रस्ते दगडी फरसबंदीचे. चाकांची बॅग तिथे ओढत नेणं म्हणजे शिक्षा, आणि जुन्या धर्तीच्या इमारतींत लिफ्ट नसणं अगदी सामान्य. खोलीच्या वर्णनात ‘साँ झासाँसर’ असं असेल तर लिफ्ट नाही असं समजा. मजले आपल्यासारखेच मोजतात, तळमजला वेगळा. तेव्हा दुसरा मजला म्हणजे पूर्ण दोन जिने. बाबांसाठी मी सियाँ भागात, म्हणजे तटबंदीच्या पूर्वेला लांबलचक किनारा सुरू होतो तिथे, लिफ्ट असलेलं हॉटेल घेईन. समुद्रालगतचा रस्ता सपाट आहे, बसायला बाकडी आहेत, आणि गावाच्या सँ-व्हँसाँ दरवाज्यापर्यंत दहा-पंधरा मिनिटांत रमतगमत पोचता येतं. स्टेशनही तेवढ्याच अंतरावर. खोलीच्या भाड्याशिवाय माणशी दर रात्रीचा थोडा पर्यटन कर वेगळा भरावा लागतो, तो हिशेबात धरा.

याच किनाऱ्यावर ओकच्या खोडांचे उंच खांब वाळूत रांगेने रोवलेले दिसतील. ते शोभेचे नाहीत. लाट संरक्षक भिंतीवर आदळण्याआधी तिचा जोर मोडावा म्हणून एकोणिसाव्या शतकापासून ते लावत आले आहेत. आकडा 100 च्या वर आणि वारा वायव्येचा असला की तरीही पाणी भिंतीवरून उडून रस्त्यावर येतं. अशा वेळी बघायचं ते लांबून आणि उंचावरून, भिंतीला टेकून नव्हे.

पहिल्या दिवशी दुपारी पोचलात की बॅगा टाका आणि संध्याकाळी तटावर जा. तटाची पूर्ण फेरी पावणेदोन किलोमीटरच्या आसपास आहे, फुकट आहे, पण वर चढायला दगडी पायऱ्याच आहेत. बाबांनी पूर्ण फेरीचा हट्ट धरू नये. पश्चिमेचा एक तुकडा, हॉलंड बुरुजापासून बिदुआन मनोऱ्यापर्यंतचा, एवढाच केला तरी सगळं मिळतं: समोर ग्राँ बे आणि पती बे ही दोन बेटं, खाली बाँ-सकूरचा किनारा, आणि तिथला समुद्राच्या पाण्याचा पोहण्याचा हौद. हा हौद भरतीच्या पाण्याने भरतो आणि ओहोटीला भिंतीमुळे भरलेलाच राहतो. त्याच्या काठी उडी मारायचा सिमेंटचा मनोरा आहे. ओहोटीला तो कोरड्या वाळूशेजारी उंच उभा असतो. भरतीला त्याचा वरचा भागच तेवढा पाण्याबाहेर राहतो. त्याच्यावर नजर ठेवून अर्धा तास बसा. बारा मीटर म्हणजे काय, ते आकड्यांपेक्षा तिथे लवकर कळतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्राँ बे. सँ-प्येर दरवाज्यातून बाँ-सकूरच्या वाळूवर उतरा, तिथून बेटापर्यंत बांधलेली वाट आहे. वर फ्रेंच लेखक शातोब्रियाँ यांची कबर आहे, समुद्राकडे तोंड करून, साधा दगडी क्रूस आणि त्यावर नावसुद्धा नाही. ते 1768 मध्ये याच गावात जन्मले, 1848 मध्ये इथे पुरले गेले. बेटावर थोडी चढण आहे. बाबांना नको असेल तर वाळूत फिरणंही छानच.

वेळेचं गणित पक्कं ठेवा. ओहोटीच्या वेळेआधी दोन तास निघा, ओहोटीनंतर फार तर दीड तासात परत गावाच्या बाजूला या. पाणी सगळा वेळ सारख्या गतीने चढत नाही. ढोबळ हिशेब बारा भागांचा: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, मग एक. बारा मीटरच्या उधाणात मधल्या दोन तासांत दर तासाला तीन मीटर, म्हणजे मिनिटाला पाच सेंटिमीटर. त्यात सँ-मालोत पाणी उतरायला जवळपास सात तास घेतं, पण चढायला साडेपाचच, त्यामुळे प्रत्यक्ष वेग याहूनही जास्त. फसगत होते कारण पाणी समोरून येत नाही. तुम्ही बेटावरून खुल्या समुद्राकडे बघत असता आणि ते दोन्ही बाजूंनी वळसा घालून मागच्या वाटेच्या सखल भागात आधी भरतं. वाट झाकली गेलीच तर पाण्यात पाय घालायचा नाही, दगड शेवाळाने निसरडे असतात आणि ओढ जबर असते. बेटावर उंच जागी थांबायचं. पाच-सहा तास जातील, पण माणूस सुखरूप राहतो. पायात रबरी तळ असलेले बंद बूट हवेत, चपला नकोत.

फोर नासियोनाल हा 1689 चा किल्लाही असाच ओहोटीला गाठायचा, पण तो सियाँच्या बाजूच्या एव्हाँताई किनाऱ्यावरून. आत जाता येतं का, हे दुरूनच कळतं: वर झेंडा फडकत असेल तर उघडा. दोन्ही एकाच ओहोटीत कोंबू नका.

गावात फिरताना भिंती जुन्या वाटतात, पण ऑगस्ट 1944 च्या लढाईत तटाच्या आतला बहुतेक भाग जळून पडला होता. ग्रॅनाइटची ही घरं त्यानंतर जुन्या धर्तीवर पुन्हा उभारलेली आहेत. आई-बाबांना इतिहासाची आवड असेल तर एवढं नक्की सांगा की 1746 मध्ये ब्रिटिशांकडून मद्रास जिंकून घेणारा ला बूर्दोने याच गावचा, आणि 1800 मध्ये बंगालच्या उपसागरात ईस्ट इंडिया कंपनीचं ‘केंट’ जहाज पकडणारा सुरकूफही. सुरकूफचा पुतळा तटापाशीच आहे.

आता जेवण. ब्रिटनीचं रोजचं खाणं म्हणजे गॅलेट: कुट्टूचं पीठ, पाणी, मीठ. गोल सपाट तव्यावर पीठ ओतून लाकडी टी-आकाराच्या फिरकीने पसरतात, जाळी पडते, कडा कुरकुरीत होतात आणि चारही बाजूंनी पाकिटासारखी घडी घालतात. घावन खाणाऱ्या माणसाला ते परकं वाटणार नाही. नेहमीच्या ‘काँप्लेत’मध्ये हॅम, अंडं आणि चीज असतं, म्हणून ‘साँ झाँबों’ म्हणजे हॅमशिवाय असं सांगा. किंवा थेट चीज-पालक, चीज-मशरूम किंवा बकरीच्या दुधाचं चीज आणि मध घ्या. नुसतं ‘वेजेतारिएन’ म्हटलं तर मासळी चालते असा कुणाचा समज असू शकतो, तेव्हा ‘साँ व्याँद, साँ प्वासों’, म्हणजे मांस नको, मासा नको, असं दोन्ही म्हणा. आणखी दोन गोष्टी विचारायच्या. एक, तवा लोण्याने पुसतात की डुकराच्या चरबीने. चरबीला ‘सँदू’ म्हणतात. दुसरं, पिठात अंडं आहे का: गॅलेटमध्ये बहुधा नसतं, गव्हाच्या गोड क्रेपमध्ये हमखास असतं.

प्यायला ‘सिद्र’ आणतील, तो सफरचंदाचा असला तरी मद्य आहे. तो नको असेल तर ‘ले रिबो’ मागा. ते ताकच आहे, आणि गॅलेटबरोबर ते पिणं ही तिथलीच जुनी पद्धत. स्वयंपाकघरं साधारण 12 ते 2 आणि 7 ते साडेनऊ चालू असतात. तीन वाजता भूक लागली तर बेकरीच आधार, म्हणून बेटाच्या दिवशी बाराच्या ठोक्याला जेवायला बसा.

तिसऱ्या दिवशी माँ-सँ-मिशेल, म्हणजे समुद्रातल्या खडकावरचा प्रसिद्ध मठ, करावं का? नाही, असं मी स्पष्ट सांगेन. अंतर पन्नासेक किलोमीटरच आहे, पण गाडी नसताना जाऊन-येऊन तीन तास प्रवासात जातात आणि वर मठापर्यंत शेकडो पायऱ्या आहेत. बाबांना ते सोसणार नाही. त्याऐवजी बोटीने समोरच्या काठावरच्या दिनार गावाला जा: दहा मिनिटांत नदीमुख पार, पलीकडे पाण्यालगत सपाट पायवाट. या नदीवर, राँसवर, 1966 साली सुरू झालेलं भरतीच्या पाण्यावर चालणारं वीजकेंद्र आहे, 24 टर्बाइनं, 240 मेगावॉट.

सप्टेंबरातही विंडचीटर आणि कानटोपी बॅगेत असू द्या. ऊन असतं, पण तटावरचा वारा पुण्याच्या जानेवारीएवढा बोचतो.

परत निघताना बेकरीतून क्वीन्यामान घ्या. मैदा, यीस्ट, भरपूर खारं लोणी आणि साखर, एवढंच असतं. अंडं नेहमीच्या कृतीत नसतं, तरी विचारून घ्या. पॅरिसला पोचल्यावर ओव्हनमध्ये 150 अंशांवर दहा मिनिटं ठेवलं की वरची साखर पुन्हा कडक होते. मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, चामट होतं.