ज्युए: चिरलेल्या कड्याचं अक्षर
जेडच्या दागिन्यांची चिनी अक्षरं शिकायला घेतलीत, तर आधी डावी बाजू बघा. तीन आडव्या रेघा आणि एक उभी दिसली की 'वांग', म्हणजे राजा, असं वाचून मोकळे होऊ नका. तो जेड आहे: दोरीत ओवलेले तुकडे. दुसऱ्या अक्षराच्या डाव्या बाजूला येताना जेडच्या मूळ अक्षरातलं टिंब गळतं, एवढंच.

सुरुवात 'ज्युए'पासून करा, गोष्टीसकट लक्षात राहतं. हे जेडचं कडं, पण एका जागी चिरलेलं. उजवा भाग उच्चार सांगतो, आणि तोच 'निर्णय घेणे'च्या अक्षरातही आहे. त्यामुळे हे कडं संबंध तोडण्याची, निकाल लावण्याची खूण झालं. इ.स.पू. २०६ मध्ये होंगमनच्या मेजवानीत सल्लागार फान झंगने ते तीनदा उचलून आपल्या सेनानीला, श्यांग यूला, खुणावलं: प्रतिस्पर्धी ल्यू बांगला आत्ताच संपव. श्यांग यू ढिम्म बसला. (चार वर्षांत स्वतःच संपला.)

अखंड कडं ते 'ह्वान'. 'परतणे'शी उच्चार जुळतो, म्हणून दूर केलेल्याला परत बोलवायला ते पाठवत.

'बी' ही भोकाची चकती लिहिताना मात्र जपा. खाली जेडऐवजी माती काढलीत, तर भिंत होते.