लेकरांना घेऊन पहिल्यांदा सिंधुदुर्गात जाताय ना?

मग चार दिवसांत अख्खा जिल्हा उरकायचा बेत आधी सोडा. मालवणला रेल्वे नाही. कुडाळला उतरून रिक्षा किंवा एसटी धरा आणि मुक्काम एकाच ठिकाणी ठेवा. रोज सामान बांधण्यात मुलं कंटाळतात, आजी-आजोबा थकतात.

सिंधुदुर्ग किल्ल्याला मालवणहून सकाळची पहिली होडी गाठा. 1664 साली कुरटे बेटावर महाराजांनी याचं काम सुरू केलं. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसत नाही, तेव्हा मुलांना तो शोधायला लावा. माझ्या मुलीला आजही तेवढंच नेमकं आठवतं. आत चुन्यात उमटलेले महाराजांच्या हाताचे-पायाचे ठसे आहेत. दूधबाव, साखरबाव, दहीबाव या गोड्या पाण्याच्या विहिरीही दाखवा. चारही बाजूंनी खारं पाणी आणि मधे गोडं, हे पोरांना फार नवल वाटतं. टोप्या, पाणी हवंच, तटावर सावली नाही. पावसाळ्यात होड्या बंद असतात.

तारकर्लीला दुपारी नको, वाळू तापते. संध्याकाळी जा, पण लाटांत मुलाचा हात सोडू नका.

एक दिवस सावंतवाडीला द्याच. चितार आळीत लाकडी खेळणी आणि रंगीत लाकडी फळं मिळतात, राजवाड्यात गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते, रंगवणारे कारागीर बघायला मिळतात. मुलांना तिथं घाई करू नका, बघू द्या. मोती तलाव जवळच आहे.

जेवणात तिखट झेपलं नाही तर घावणे आणि नारळाचा रस मागा.