थेंब टाकायच्या आधी

कोल्हापूर,
रविवार

प्रिय डॉक्टर,

परवा फोनवर तू राधानगरीकडच्या त्या आजोबांबद्दल विचारलंस. डावा मोतीबिंदू पूर्ण पिकलेला, वीस वर्षांची शुगर, आतला पडदा अजिबात दिसत नाही, आणि सोबतचा मुलगा एकच धोशा लावून बसलाय, "नजर येईल न्हवं?" बी-स्कॅन नॉर्मल आहे, गुरुवारच्या ऑपरेशनच्या यादीत घेऊ का, असं तू म्हणालीस. मी तेव्हा रंकाळ्यावर होतो, वाऱ्यात धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

बी-स्कॅन ही डोळ्याची सोनोग्राफी. पडदा जागेवर आहे की सुटलाय, आत रक्त साचलंय का, एवढं ती सांगते. तार दिसते, तारेत करंट आहे का ते दिसत नाही. ते तुझ्या खिशातली बॅटरी सांगते, आणि हल्ली तीच खिशातून बाहेर निघत नाही.

पावसाळ्यात पन्हाळ्यावर धुकं उतरतं तेव्हा दहा पावलांवरची तटबंदी दिसत नाही. पण दिवस आहे की रात्र, आणि उजेड कुठल्या अंगाला जास्त आहे, हे कळतंच. पांढरा मोतीबिंदू तसाच आहे. तो उजेड अडवत नाही, पसरवतो. त्यामुळे मोतीबिंदू कितीही पिकला तरी, पडदा आणि डोळ्यातून मेंदूकडे जाणारी नस शाबूत असेल तर माणसाला उजेड आणि त्याची दिशा समजलीच पाहिजे. समजली नाही तर दोष मोतीबिंदूवर ढकलू नकोस.

दिशा तपासताना दुसरा डोळा तळहातानं नीट झाक. रुग्णाला स्वतःचा हात धरायला सांगितलास तर बोटांच्या फटीतून तो बघतोच, लबाडीनं नव्हे, सवयीनं. बॅटरी चारी बाजूंनी धर, पण क्रमानं नको. मध्येच विझव. आणि "दिसतंय का?" हा प्रश्न विचारूच नकोस. आपल्याकडची वडीलधारी माणसं डॉक्टरचं मन मोडायचं नाही म्हणूनही "व्हय" म्हणतात. त्यांना हात करून दाखवायला सांग. "हिकडनं यायलाय" असं म्हणत बोट बरोबर दिशेला गेलं की लिही. वरच्या बाजूचा उजेड चुकला तर बिघाड पडद्याच्या खालच्या भागात शोध, हे तुला सांगायला नको.

आता बाहुली. दोन-तीन सेकंद बॅटरी या डोळ्यावर, मग झटकन त्या डोळ्यावर, पुन्हा मागे. मोतीबिंदूच्या डोळ्यावर उजेड येताच बाहुली आकसण्याऐवजी मोठी होत असेल तर नस किंवा पडद्याचा बराच भाग गेलेला आहे. नुसत्या मोतीबिंदूनं त्या डोळ्यात असं होत नाही. उलट, पांढऱ्या मोतीबिंदूमुळे दुसऱ्या चांगल्या डोळ्यात किंचित दोष भासू शकतो, त्यानं गोंधळू नकोस.

हे इतकं ठासून सांगतोय, कारण मी एकदा चुकलोय. नोकरीची पहिलीच वर्षं. एका शिबिरातून रुग्ण आले होते आणि मी पोहोचायच्या आधीच रांगेतल्या सगळ्यांच्या डोळ्यांत बाहुली मोठी करायचे थेंब पडले होते. मोठी झालेली बाहुली काय सांगणार? त्यात तालमीतला एक जुना गडी होता. डोळ्याचं प्रेशर त्या दिवशी नॉर्मल भरलं. मी "उजेड कळतो?" विचारलं, "व्हय" लिहिलं, आणि ऑपरेशन केलं. ऑपरेशन झकास झालं. सकाळी पट्टी काढली, समोरचं सगळं काचेसारखं स्वच्छ, आणि मागे काचबिंदूनं खाऊन पांढरी पडलेली नस. ते म्हणाले, "उजेड वाढलाय बघा डॉक्टर, पण माणूस काय दिसंना." रागावले असते तर बरं झालं असतं.

पण तुझ्या आजोबांच्या बाबतीत एवढ्यावर थांबून चालणार नाही. दिशा आणि बाहुली पडद्याचा मोठा हिस्सा तपासतात. बारीक नजर असते ती मध्यबिंदूत, मॅक्युलात, आणि शुगर नेमकी तिथे सूज आणते. चारी दिशा अचूक सांगणाऱ्याचा मॅक्युला निकामी असू शकतो. म्हणून दोन बारीक दिवे दोन इंचांच्या अंतरानं, दोन फुटांवर धर. दोन दिसतात की एक, विचार. लाल-हिरवा ओळखता येतो का बघ. मॅडॉक्स रॉड, म्हणजे ती खाचांची लाल काच, लावून दिव्याची लाल रेघ अखंड दिसते की मध्येच तुटते, तेही. मिटलेल्या पापणीवर बॅटरी टेकवून हळू हलवलीस की पुष्कळांना स्वतःच्याच पडद्यावरच्या शिरांची सावली दिसते. पुर्किंजे या चेक शास्त्रज्ञानं एकोणिसाव्या शतकात याचं वर्णन केलं. माझी एक पेशंट आजी म्हणाली होती, "पिंपळाच्या पानाची जाळी हाय." तिची नजर छान आली. मात्र जाळी दिसली नाही म्हणून घाबरू नकोस, चांगल्या डोळ्यांच्या माणसांनाही ती नेमकी सांगता येत नाही.

यातली कुठलीच तपासणी एकटीनं भरवशाची नाही. ईआरजीसाठी, म्हणजे पडद्याच्या विजेच्या तपासणीसाठी, त्यांना लांब पाठवायची घाई करू नकोस. तो पूर्ण पडद्याचा एकत्रित प्रतिसाद मोजतो, एकटा मॅक्युला बिघडला तरी नॉर्मल येऊ शकतो. पांढऱ्या मोतीबिंदूतून ओसीटी, म्हणजे पडद्याच्या थरांचा स्कॅन, निघत नाही. पण त्यांचा उजवा डोळा आहे ना? त्याचा पडदा बघ, त्याचाच ओसीटी काढ. शुगर सहसा दोन्ही डोळ्यांना धरते. उजवीकडे सूज असेल तर डावीकडेही असेल असं धरून चाल.

मग मुलाला बाजूला घेऊन बसव. ऑपरेशन करायचंच आहे, मोतीबिंदू निघाल्याशिवाय मागच्या पडद्याचा इलाजही करता येणार नाही. पण नजर किती येईल ते पडदा दिसल्यावरच कळेल, पुढे इंजेक्शन किंवा लेझर लागू शकतं, हे आधी सांग. पट्टी काढल्यावर सांगितलंस तर ती सबब वाटते.

गुरुवारी सिस्टरना सकाळीच सांगून ठेव, तू बाहुली बघेपर्यंत त्यांच्या डोळ्यांत थेंब नाही. बघितलीस की फोन कर. मी दहानंतर घरीच असतो.

तुझा,
सर