घरी केलेली बिस्किटं वाटायची आहेत, पण एकदा पसरली आणि एकदा दगडासारखी झाली. सुरुवात कशी करू?

तुम्ही लिहिलंय की ओव्हन नवा आहे आणि महिनाअखेरीस वीसेक जणांना घरचा खाऊ द्यायचा आहे. पहिल्या खेपेला बिस्किटं पसरून एकमेकांना चिकटली, म्हणून दुसऱ्यांदा मैदा वाढवला, तर दातांनी तुटेनात. आता चार प्रकार करून बघावेत की एकच धरून बसावं, असं विचारलंय.

एकच धरा, आणि तेही साधं लोण्याचं बिस्किट. गेली बरीच वर्षं मी बिस्किटं करून वाटते आहे, आणि एक गोष्ट मला फार उशिरा कळली. आपण पाककृती निवडतो ती ओव्हनमधून काढल्या काढल्या कशी लागेल हे बघून. पण ज्यांना डबा देतो ते दुसऱ्या नाहीतर चौथ्या दिवशी खातात. मध्ये मऊ असलेली चॉकलेटची कुकी गरम असताना काय लागते! तीच तिसऱ्या दिवशी डब्यातून काढली की कडा चिवट आणि मधला भाग कोरडा. म्हणून वाटायचं बिस्किट चौथ्या दिवशी चांगलं लागणारं हवं. लोण्याचं बिस्किट त्यात पहिल्या नंबरात बसतं, कारण त्यात पाणी मुळातच कमी आणि स्निग्धांश भरपूर. माझ्या अनुभवात दुसऱ्या दिवशी त्याची चव उलट जास्त मुरलेली लागते.

प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: एक भाग साखर, दोन भाग लोणी, तीन भाग मैदा, आणि हे सगळं वजनाने. म्हणजे 100 ग्रॅम पिठीसाखर, 200 ग्रॅम बटर, 300 ग्रॅम मैदा आणि पाव चमचा मीठ. बटर खारं असेल तर मीठ वगळा. अंडं नाही, सोडा नाही, बेकिंग पावडर नाही. एवढ्यात 600 ग्रॅमचा गोळा होतो आणि 15 ग्रॅमचं एक याप्रमाणे 40 बिस्किटं निघतात. वजनकाटा नसेल तर आधी तो घ्या, साचे नंतर. वाटीने किंवा कपाने मोजलं तर मैदा हलक्या हाताने भरला की 120 ग्रॅम आणि दाबून भरला की 150 ग्रॅम सहज होतो. तुमची दुसरी खेप तिथेच फसली असेल.

आता पहिली खेप का पसरली ते बघू. बटर साधारण 32 ते 35 अंशांना वितळतं. तुमचं बटर आधीच पातळ झालेलं असेल, तर ओव्हनमध्ये गेल्या गेल्या ते वाहायला लागतं आणि मैद्याचा सांगाडा घट्ट व्हायच्या आत बिस्किट आडवं होतं. मैदा वाढवणं हा त्यावरचा इलाज नव्हे, बटर थंड असायला हवं. फेसायला घ्याल तेव्हा बटर मऊ हवं पण चकचकीत नको. बोटाने दाबलं तर खळगा पडावा आणि तो तसाच राहावा. बोट तेलकट होऊन सरकलं, तर बटर जास्त मऊ झालंय. दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि मग सुरू करा.

बटर आणि साखर दोन मिनिटं फेसा, रंग जरा फिका होईपर्यंत. केकसारखं पांढरंशुभ्र करत बसू नका. जास्त हवा भरली की बिस्किट आधी फुगतं आणि मग बसतं. मैदा चाळून एकदम घाला आणि इथून पुढे हात आवरा. मळायचं नाही. बटरमध्ये साधारण 16 टक्के पाणी असतं. मैदा, ते पाणी आणि मळणं एकत्र आलं की ग्लुटेनचे धागे तयार होतात. पोळीला आणि पावाला ते हवे असतात, बिस्किटात त्यांनीच दगड होतो. मिश्रण आधी भुरभुरीत रव्यासारखं दिसेल आणि तुम्हाला वाटेल की हे काही जमून यायचं नाही, चमचाभर दूध घालावं. घालू नका. त्यातलं थोडं मुठीत घेऊन दाबा. मुटका वळला आणि हलकं टिचकवल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला, तर पीठ बरोबर आहे. सगळं हळूहळू दाबून एकत्र करा. मला या टप्प्याला हाताला जो स्पर्श लागतो तो फार आवडतो: ओलसर वाळूसारखं पीठ तळहाताच्या उबेने अचानक गुळगुळीत होतं. तिथेच थांबायचं.

त्याचे दोन लांबट उंडे करा, साडेचार सेंटिमीटर जाडीचे, बटर पेपरमध्ये घट्ट गुंडाळा आणि निदान दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. रात्रभर ठेवले तर उत्तमच. मैदा तेवढ्या वेळात ओलावा शोषून घेतो, बटर पुन्हा घट्ट होतं आणि कापही सुबक पडतात. मग धारदार सुरीने 8 मिलिमीटर जाडीचे काप करा. प्रत्येक कापानंतर उंडा थोडा फिरवा, नाहीतर सुरीच्या दाबाने त्याची एक बाजू चपटी होते. लाटून साच्याने कापायची हौस असेल तर पुढच्या वेळी. लाटताना कडेचा चुरा पुन्हा पुन्हा गोळा करून लाटला जातो आणि शेवटची बिस्किटं पहिल्यांपेक्षा नक्कीच कडक होतात. पिठाची चव बघायचा मोह होईल, तोही टाळा. अंडं नसलं तरी कच्चा मैदा हा कच्चाच असतो आणि त्यात पोट बिघडवणारे जंतू असू शकतात.

ओव्हनबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण नवीन ओव्हनची ओळख नसणं हे अर्धं दुखणं आहे. बटणावर 180 लिहिलंय म्हणजे आत 180 आहे असं धरून चालू नका. घरच्या ओव्हनमध्ये पंधरा-वीस अंशांचा फरक अगदी सहज असतो. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो घ्या. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असंही समजू नका, त्यानंतर आणखी दहा मिनिटं जाऊ द्या. आणि एकदा हा प्रयोग करा: जाळीवर पावाच्या स्लाइस शेजारी शेजारी मांडा, 180 अंशांना सात-आठ मिनिटं भाजा आणि उलटून बघा. कुठली स्लाइस काळपट झाली, कुठली पांढरीच राहिली, यावरून तुमच्या ओव्हनचा नकाशा समोर येतो. माझ्या ओव्हनचा मागचा उजवा कोपरा जास्त तापतो. म्हणून निम्मा वेळ झाला की मी ट्रे फिरवते, दर वेळी, न चुकता.

या बिस्किटांना 170 अंश द्या, पंखा चालू असेल तर 150 ते 155. मधला कप्पा, ट्रेवर बटर पेपर, दोन कापांत दोन बोटं अंतर. वेळ 14 ते 17 मिनिटं, पण घड्याळापेक्षा रंग बघा. बाराव्या मिनिटापासून दारासमोर बसा. आधी वरची चकाकी जाते आणि बिस्किट कोरडं दिसायला लागतं. मग कडेला बारीकशी बदामी रेघ उमटते आणि त्याच सुमारास वास बदलतो. इतका वेळ लोण्याचा वास येत असतो, तो आता भाजक्या शेंगदाण्यासारखा खमंग होतो. हा रंग आणि वास ज्या प्रक्रियेतून येतात तिला मायार प्रक्रिया म्हणतात. लुई कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1912 मध्ये तिचं वर्णन केलं. प्रथिनं आणि साखर तापल्यावर एकमेकांशी जुळून नवे गंध तयार करतात. म्हणून पांढरंफटक काढलेलं बिस्किट शिजलेलं असलं तरी फिकं लागतं. एक बिस्किट उलटून बघा. तळ सगळीकडून सारखा फिका बदामी हवा. काळा किंवा गडद ट्रे असेल तर तळ लवकर लाल होतो, मग दहा अंश कमी ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट, आणि बहुतेक दगड इथेच तयार होतात. बाहेर काढलेलं बिस्किट दाबून बघितलं तर मऊच लागणार, कारण त्यातलं लोणी तेव्हा द्रवरूप असतं. ते मऊ आहे म्हणून पुन्हा आत ढकललं की गार झाल्यावर दात दुखणार. कडेला रंग आला की बाहेर काढा, पाच मिनिटं ट्रेवरच राहू द्या, मग उलथन्याने जाळीवर ठेवा. कडकपणा गार होताना येतो. पुढची खेप गरम ट्रेवर मांडू नका, नाहीतर लोणी ओव्हनमध्ये जाण्याआधीच वितळतं. ट्रे पाण्याखाली धरून पुसून घ्या किंवा दुसरा वापरा.

डब्यात भरायची घाई मात्र अजिबात करू नका. हाताला गार लागलं तरी आत ऊब असते. ती वाफ झाकणाला लागते आणि सकाळपर्यंत सगळी बिस्किटं सादळतात. मी निदान दीड तास थांबते. त्या डब्यात दुसरं काही मऊ ठेवू नका. केकचा तुकडा किंवा खजुराची वडी शेजारी आली की तिचा ओलावा बिस्किटात जातो आणि दोन्ही बिघडतात. नीट भाजलेली, हवाबंद डब्यातली ही बिस्किटं दहा-बारा दिवस छान राहतात. सादळलीच तर 150 अंशांवर पाच-सहा मिनिटं ठेवून पुन्हा गार करा, कुरकुरीतपणा परत येतो. बिस्किट या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधला 'दोनदा भाजलेलं' असा अर्थ आहे, तेव्हा हे त्याच्या नावाला धरूनच झालं!

बदल करायचा तर याच पिठात करा. एका उंड्यात लिंबाची किसलेली साल, दुसऱ्यात चमचाभर कॉफी पावडर, एवढ्यावर दोन चवी होतात आणि कृती बदलत नाही. कोको घालायचा तर 30 ग्रॅम मैदा काढून तेवढाच कोको घाला, आणि रंग दिसणार नाही म्हणून वेळेवर आणि वासावर लक्ष ठेवा.

सुकामेवा घालण्याआधी मात्र विचारा. एकदा मी बदामाचा चुरा घातलेली बिस्किटं एका घरी दिली. तिथल्या मुलीला बदाम चालत नव्हते, हे मला माहीत नव्हतं. तिच्या आईने डबा उघडताच विचारलं म्हणून निभावलं. ती मुलगी माझ्याकडे बघत होती, डब्याकडे बघत होती, आणि मला तिच्या हातावर ठेवायला काहीही नव्हतं. त्या दिवसापासून प्रत्येक डब्यावर चिठ्ठी लावते: आत काय काय आहे (गहू, दूध, असेल तर अंडं, सुकामेवा) आणि कुठल्या तारखेला भाजली. सुकामेव्याची खेप नेहमी सगळ्यात शेवटी करते, म्हणजे भांडी आणि ट्रे आधीच्या खेपेला लागत नाहीत.

तुमच्या वीस जणांचा हिशोब असा: प्रत्येकी सहा म्हणजे 120, म्हणजे तीन गोळे. एका दिवसात सगळं करायला जाऊ नका, शेवटच्या ट्रेपर्यंत लक्ष उडतं आणि नेमका तोच करपतो. उंडे फ्रीजरमध्ये महिना-दोन महिने आरामात राहतात, तेव्हा एका रविवारी तिन्ही गोळे करून ठेवा. द्यायच्या दोन दिवस आधी काढा, सुरी चालेल इतपत सैल होऊ द्या, मग कापा आणि भाजा. भरताना बिस्किटं आडवी रचण्यापेक्षा उभी, पाठीला पाठ लावून, घट्ट बसवा. वरच्या मोकळ्या जागेत बटर पेपर चुरगाळून भरा. डबा प्रवासाला जाणार असेल तर हलवून बघा, आतून आवाज आला तर अजून कागद हवा.

त्याआधी या आठवड्यात एकच गोळा करा. त्यातली सहा बिस्किटं डब्यात बाजूला ठेवा आणि चौथ्या दिवशी खाऊन बघा. तळाचा रंग कसा आला आणि तुमच्या ओव्हनचा थर्मामीटर किती दाखवतो ते इथे लिहा, म्हणजे वेळ किती कमी-जास्त करायचा ते मी सांगते.