रनर पडली, आता टाइम कधी द्यायचा?

पाऊस उघडला की शाळांच्या सॉफ्टबॉल मॅची सुरू आणि माझ्यासारख्या अंपायरच्या फोनवर तेच तेच प्रश्न, म्हणून एकदाच लिहितो. रनर म्हणजे बेसवरून बेसवर धावणारी, टाइम म्हणजे अंपायरने खेळ थांबवणं.

बेसवरून सुटले होते, बॅटचा बॉल पायाला लागला, पाय सुजला. तरी आउट? (खेळाडू, पेडणे)
आउट. फेअर बॉल (रेषांच्या आतला) होता, कुठल्याच इनफिल्डरला (बेसजवळच्या फिल्डरला) ओलांडून गेला नव्हता. चालताना दुखत असेल तर डॉक्टरला दाखव.

पडलेल्या रनरला कोचने हात धरून उठवलं तर? (पीटी टीचर, फोंडा)
बॉल चालू असेल तर रनर आउट. लांबून ओरडा, हात लावू नका.

सेकंड बेसला स्लाइड करताना (घसरत जाताना) मुलीचं डोकं आपटलं, उठेना, अंपायर थ्रो संपायची वाट बघत उभे. कोच म्हणतात नियमच तसा आहे. (पालक, डिचोली)
अर्धाच नियम ऐकून मॅच चालवतात, त्याचं हे फळ. घोटा मुरगळला, गुडघा सोलला, तर प्ले संपेपर्यंत टाइम नाही हे खरं, नाहीतर टॅग होणारी (बॉल लावून आउट होणारी) प्रत्येक रनर लोळण घेईल. पण पुढचं कोणी वाचतच नाही: अंपायरला इजा गंभीर वाटली तर बॉल तिथल्या तिथे डेड करायचा, म्हणजे खेळ थांबवायचा, आणि रनर जिथपर्यंत पोचल्या असत्या ते बेस द्यायचे. कोणाचा रन बुडत नाही, मग थांबायचं कशाला?

मीपण एकदा थांबलोय. नवीन होतो, शॉर्टस्टॉपचा (सेकंड आणि थर्ड बेसमधल्या फिल्डरचा) गुडघा रनरच्या कानशिलावर बसला, हेल्मेट लाल मातीत घरंगळत गेलं आणि मी आपला होमवरच्या थ्रोकडे बघतोय. कोच स्प्रे घेऊन धावले. मुलगी मला विचारते, "सर, स्कोअर किती?" सांगितला. परत तेच. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा माझे पाय लटपटले. "दोन मिनिटात फिट" म्हणून विकतात तो स्प्रे कातडी गार करतो, डोक्याचं काय करणार? डोकं आपटून मुलगी गोंधळली, ओकली तर 108 ला फोन करा, मान दुखते म्हणाली तर हलवूपण नका. त्या दिवशी खेळ बंद, मग ती कितीही "बरी आहे सर" म्हणो, आणि पुढेही डॉक्टर हो म्हणेपर्यंत मैदान नाही.

होमरन मारून मध्येच पाय गेला तर रन जातो? (मडगाव)
जायला नको. 2008 मध्ये अमेरिकेत वेस्टर्न ओरेगनच्या सारा टुकोल्स्कीने बॉल फेन्सबाहेर मारला, पहिला बेस चुकला म्हणून वळली आणि गुडघा गेला. अंपायर म्हणाले बदली दिली तर सिंगलच (एकच बेस) धरणार, म्हणून समोरच्या टीमच्या मॅलरी होल्टमन आणि लिझ वॉलेसने तिला उचलून पुढचे बेस फिरवले. लोकांना रडू येतं, मला राग येतो. तिथल्या नियमाने बदली रनर उरलेले बेस पुरे करू शकत होती, अंपायरच चुकले होते! तुमच्या स्पर्धेत कुठली नियमावली आहे ते मॅचआधीच विचारून ठेवा.

रक्त येतंय, रुमाल बांधून पळू दे? (म्हापसा)
नाही. रक्त थांबवा, जखम झाका, तोवर दुसरी खेळेल.

दुकानदार म्हणतो पहिल्या बेसचा नारंगी भाग शोभेला असतो, साधा सेट घ्या. (क्लब, वाळपई)
त्याच्याकडे स्टॉक नसेल. पांढरा फर्स्ट बेसमनचा, नारंगी धावत येणाऱ्या बॅटरचा, दोघांची टक्कर होऊ नये म्हणूनच तो आलाय. पैसे द्यायच्या आधी आयोजकांना एक फोन करा.